घरच्या संगणकाची हजेरी

आज आपल्यापुढें बोलावयास बसलों आहें तो मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेवढ्या शिदोरीवर मीं छत्तीस वर्षें तालुक्याच्या गांवांतील मुलांना बाराखडी, पाढे आणि व्याकरण शिकविलें, आणि आतां सेवानिवृत्तीचे दिवस घरीं घालवीत आहें. अशा माणसानें घरच्या संगणकांतील संशयास्पद प्रोग्रॅम कसे ओळखावे आणि कसे काढून टाकावे याविषयीं चार शब्द सांगावे, हें पुष्कळांस धाडसाचें वाटेल. परंतु ज्याला ठेंच लागली आहे त्याला वाटेंतला दगड नेमका कोठें आहे हें चांगलें ठाऊक असतें. आणि मला लागलेली ठेंच अजून ताजी आहे.

तीन वर्षांपूर्वीं माझ्या मुलीनें आपला एक वापरलेला संगणक मला आणून दिला. निवृत्तिवेतनाचा हिशेब, विजेचें बिल, जुन्या सहकाऱ्यांशीं पत्रव्यवहार, एवढीं कामें मी त्यावर करूं लागलों. परंतु या किरकोळ कामांहून मोलाचें असें एक धन त्या यंत्राच्या पोटांत होतें. माझी पत्नी जात्यावरच्या ओव्या फार सुरेख म्हणत असे. तिच्या आईकडून आलेल्या त्या ओव्या कोठें लिहिलेल्या नव्हत्या. तिच्या अखेरच्या आजारांत, बोलण्याची शक्ति होती तोंवर, मीं एकेक ओवी तिच्याकडून म्हणवून घेतली आणि मोबाइलवर मुद्रित करून ठेविली. पुढें ती गेली; मोबाइलही बिघडला; आणि तिच्या आवाजाची एकुलती एक प्रत त्या संगणकावर राहिली. एकच प्रत ठेवणें हा माझा पहिला अपराध. इतर अपराध ओघानें येतीलच.

गेल्या श्रावणांतील एका दुपारीं, एका जुन्या पुस्तकाचा शोध घेत मी इंटरनेटवर भटकत असतां, संगणकाचा पडदा एकाएकीं लाल झाला. भोंगा वाजूं लागला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत मजकूर उमटला तो असा, कीं आपल्या संगणकांत घातक विषाणु शिरला आहे. पांच मिनिटांत सर्व माहिती नष्ट होईल. संगणक बंद करूं नका. खालील क्रमांकावर ताबडतोब दूरध्वनि करा. श्रोतेहो, बँकेंतील पैसे गेले असते तर मीं सोसलें असतें. परंतु 'सर्व माहिती नष्ट होईल' हे शब्द वाचतांच मला त्या ओव्या आठवल्या, आणि माझा विवेक सुटला. मीं क्रमांक फिरविला.

पलीकडचा गृहस्थ अत्यंत अदबीनें हिंदींत बोलत होता. आपण एका विख्यात कंपनीचे तंत्रज्ञ आहों, असें त्यानें सांगितलें. त्याच्या सांगण्यावरून मीं एक लहानसा प्रोग्रॅम उतरवून घेतला. मग पडद्यावर नऊ आंकडे दिसूं लागले, ते त्यानें वाचून दाखवावयास सांगितले. मीं ते, वर्गांत पाढे म्हणावे तसे, स्पष्ट उच्चारांत वाचून दाखविले. दुसऱ्याच क्षणीं पडद्यावरचा बाण आपोआप हलूं लागला. माझा हात माझ्या मांडीवर होता, आणि माझ्या घरांतील यंत्र कोणी तिसराच चालवीत होता! त्यानें एक खिडकी उघडून लाल खुणांची लांबलचक यादी मला दाखविली आणि म्हणाला, "बाबूजी, हे सर्व विषाणु." मग दुरुस्तीच्या खर्चाची गोष्ट निघाली, बँकेचें पान उघडण्याची सूचना झाली, आणि शेवटीं त्यानें विचारलें, "घरांत आणखी कोणी आहे काय? असल्यास त्यांना हें कांहीं सांगूं नका."

या एका वाक्यानें मी वांचलों. छत्तीस वर्षांच्या मास्तरकीनें मला एक गोष्ट पक्की शिकविली आहे. 'घरीं सांगूं नकोस' असें जो मुलाला सांगतो, तो त्या मुलाचा हितकर्ता नसतो. मीं दूरध्वनि ठेविला आणि भिंतीवरचें बटण दाबून संगणकाची वीजच तोडली.

येथवर मी शहाणा ठरलों असें आपणांस वाटेल. परंतु पुढील चार दिवस मीं हें कोणालाही सांगितलें नाहीं, मुलीलाही नाहीं. मला लाज वाटत होती. आयुष्यभर पोरांना 'नीट वाचा, मग उत्तर लिहा' असें बजावणारा मास्तर स्वतः न वाचतां उत्तर देऊन बसला होता. संगणक कोपऱ्यांत बंद पडून होता आणि तो सुरू करण्याचें धैर्य मला होईना. पांचव्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी सहज भेटावयास आला. तो हल्लीं संगणक दुरुस्तीचें लहानसें दुकान चालवितो. माझा चेहरा पाहून त्यानें विचारलें, आणि मग मला राहवेना. सर्व ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, वर्गांत कोणाची वस्तु हरवली म्हणजे तुम्ही काय करीत होतां?" मीं म्हटलें, "आधीं दार लावीत असें, आणि मग हजेरी घेत असें." तो म्हणाला, "मग येथेंही तेंच करावयाचें."

त्या दिवशीं तो मुलगा गुरु झाला आणि मी विद्यार्थी. त्यानें मला जें शिकविलें तेंच आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

पहिली गोष्ट त्यानें सांगितली ती ऐकून मी थक्क झालों. तो लाल पडदा विषाणु नव्हताच! तें इंटरनेटवरचें एक साधें पान होतें. त्यानें सारा पडदा व्यापला होता आणि भोंगा लावला होता, इतकेंच. रस्त्यावर उभें राहून कोणी 'आग, आग' म्हणून ओरडावें आणि घाबरलेल्या गृहस्थानें आपण होऊन दार उघडावें, असा तो प्रकार. ज्या यादीला तो गृहस्थ विषाणु म्हणत होता, ती संगणकाची रोजनिशी होती. प्रत्येक निरोगी संगणकाच्या रोजनिशींतही लहानसहान अडथळ्यांच्या अशा लाल नोंदी असतातच. घरांत खरा परका शिरला तो मीं दूरध्वनि केल्यानंतर, आणि माझ्या हातानें शिरला. म्हणून ध्यानांत ठेवा : संगणकाच्या पडद्यावर दूरध्वनि क्रमांक देऊन 'येथें बोला' असें सांगणारी सूचना खोटीच समजावी. खरी संरक्षणव्यवस्था तुम्हांला दूरध्वनि करावयास सांगत नाहीं. असें पान आलें तर एस्केपची कळ कांहीं क्षण दाबून धरावी. तरीही तें हटलें नाहीं, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. म्हणजे 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यांतून ब्राउझर बंद करावा. पुन्हां उघडतांना 'मागील पानें परत आणूं काय?' असें विचारल्यास नकार द्यावा.

आतां हे आगंतुक प्रोग्रॅम येतात कोठून? प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची ओळ. जो संगणक चांगली आज्ञा निमूटपणें पाळतो, तो वाईटही तितक्याच निमूटपणें पाळतो; त्याला पापपुण्य कळत नाहीं. १९७१ सालीं अमेरिकेंत बॉब थॉमस यांनीं 'क्रीपर' नांवाचा एक प्रोग्रॅम रचला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर सरकत जाई आणि 'जमल्यास मला पकडा' अशा अर्थाचें वाक्य उमटवी. एवढीच त्याची खोडी. त्याला हुडकून पुसण्यासाठीं पुढें 'रीपर' नांवाचा दुसरा प्रोग्रॅम लिहिला गेला. १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या दोघां भावांचा 'ब्रेन' हा विषाणु तबकड्यांवरून जगभर पसरला. त्यांत त्या भावांनीं आपलें नांव, पत्ता आणि दूरध्वनि क्रमांकही घातला होता. हल्लींचे चोर असे सरळ राहिले नाहींत. नांव लपविणें, दुसऱ्याचें नांव घेणें आणि आपण उपयोगी आहों असें भासविणें, हाच त्यांचा धंदा.

आणि यांतले बहुतेक भिंत फोडून येत नाहींत. पाहुणे म्हणून येतात. माझ्या संगणकावर आम्हीं हजेरी घेतली तेव्हां चार आगंतुक सांपडले. पहिला अर्थातच त्या गृहस्थानें बसवविलेला, दुरून यंत्र चालविणारा प्रोग्रॅम. दुसरा, एका कागदाचें पीडीएफ करण्यासाठीं मीं कधीं काळीं फुकट घेतलेल्या प्रोग्रॅमच्या पाठोपाठ आलेली एक शोधपट्टी. तिनें माझ्या ब्राउझरचें पहिलें पानच बदलून टाकलें होतें. तिसरा, संगणक वेगवान करून देतों म्हणणारा; तो रोज सकाळीं शेंकडों दोष मोजून दाखवी आणि ते काढण्यासाठीं पैसे मागे. चौथा तर प्रोग्रॅमही नव्हता. कोणत्याशा संकेतस्थळानें 'सूचना पाठवूं काय?' असें विचारलें होतें आणि मीं 'होय' म्हटलें होतें. त्या परवानगीच्या आधारें तें मला पडद्याच्या कोपऱ्यांत रोज भीतिदायक निरोप धाडीत होतें. त्या दुपारीं अशाच एका निरोपावर बोट पडून मी त्या लाल पानाशीं पोंचलों होतों. चौघांपैकीं प्रत्येकाला परवानगी होती, आणि ती माझीच होती. प्रोग्रॅम बसवितांना 'नेक्स्ट, नेक्स्ट' असें दाबीत गेलें म्हणजे न वाचलेल्या अर्जावर सही करण्यासारखेंच होतें. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. येथें बीळ मींच खणून दिलें होतें.

आतां लक्षणें पाहूं. ब्राउझरचें पहिलें पान आपोआप बदलणें. शोध एकीकडे केला असतां उत्तर भलतीकडून येणें. कांहीं न उघडतां जाहिराती झळकणें. न मागितलेल्या प्रोग्रॅमचें चित्र पडद्यावर दिसणें. यंत्र रिकामें असतांही पंख्याचा घरघराट चालूं राहणें. आणि सर्वांत गंभीर म्हणजे विषाणुरोधक व्यवस्था आपण न सांगतां बंद झालेली आढळणें. मात्र नुसता संगणक मंद झाला म्हणून त्याला बाधा झाली असें समजूं नये. म्हाताऱ्या माणसाप्रमाणें म्हातारें यंत्रही सावकाश चालतें.

प्रत्यक्ष उपचाराला आरंभ करण्यापूर्वीं दार लावावयाचें. म्हणजे इंटरनेटची जोडणी तोडावयाची. आमच्या बाबतींत परक्याचा हात यंत्राला लागलेला होता, म्हणून माझ्या विद्यार्थ्यानें आधीं बँकेला दूरध्वनि करावयास लाविलें, आणि माझे सर्व परवलीचे शब्द त्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून बदलविले. ज्या घरांत चोर दडला असण्याची शंका आहे, त्याच घरांत बसून नव्या कुलपाची चावी घडवूं नये, हें त्यांतलें तत्त्व.

मग हजेरी. ही पद्धति मी विंडोजची सांगतों, कारण माझा अनुभव तेवढाच आहे. 'सेटिंग्ज' उघडावें, त्यांत 'ॲप्स', आणि त्यांत 'इन्स्टॉल्ड ॲप्स'. येथें संगणकांत बसविलेल्या प्रोग्रॅमांची यादी मिळते. ती बसविल्याच्या तारखेप्रमाणें लावावी. ज्या दिवसापासून दुखणें सुरू झालें, त्या दिवसाच्या आसपास कोण कोण दाखल झालें तें लगेच कळतें. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावे. तुझें नांव काय आणि तुझा कर्ता कोण? तुला येथें कोणी आणलें, आणि केव्हां? तूं येथें कोणतें काम करतोस? तिन्ही प्रश्नांना ज्याच्याकडून उत्तर मिळत नाहीं, त्याचें नांव वहींत लिहून घ्यावें. लगेच काढूं नये.

'लगेच काढूं नये' हें मी अनुभवानें सांगतों. तो मुलगा चहा घेत होता तेवढ्या अवधींत मला वीरश्री संचारली, आणि ज्याचें नांव ओळखूं येईना असा एक प्रोग्रॅम मीं परस्पर हांकलून दिला. थोड्या वेळानें पाहतों तों मला मराठींत 'श्री' सुद्धां लिहितां येईना! तो बिचारा माझा मराठी टंकलेखनाचा प्रोग्रॅम होता. नांव इंग्रजी आणि अवघड, एवढाच त्याचा दोष. नांव अपरिचित म्हणजे माणूस चोर, हा न्याय वर्गांत चालत नाहीं तसा येथेंही चालत नाहीं. ध्वनि, छपाई, पडदा यांची व्यवस्था पाहणारे कितीतरी प्रोग्रॅम आडनांवानेंच ओळखावे लागतात. कर्त्याच्या नांवापुढें मायक्रोसॉफ्ट, इंटेल, किंवा तुमच्या यंत्राच्या वा छपाईयंत्राच्या कंपनीचें नांव असेल तर हात आवरावा आणि जाणत्याला विचारावें.

चौकशी पुरी झाल्यावर ज्याला काढावयाचें त्याच्या नांवापुढील तीन टिंबांवर दाबून 'अनइन्स्टॉल' म्हणावें. येथेंही सावध राहावें. जातांना हे पाहुणे गळ घालतात. 'खरोखरच जाऊं काय? अर्ध्या किंमतींत राहतों,' असें म्हणत मोठें रंगीत बटण राहण्याचें आणि बारीक फिकें बटण जाण्याचें ठेवतात. प्रत्येक वाक्य वाचूनच बोट ठेवावें.

पुष्कळ लबाड या यादींत आपलें नांव लावीतच नाहींत. त्यांच्यासाठीं दुसरी हजेरी, ती 'टास्क मॅनेजर'ची. सध्यां कोण जागा आहे आणि काम करीत आहे हें तेथें दिसतें. त्यांतच 'स्टार्टअप ॲप्स' असा एक भाग आहे. संगणक सुरू होतांच जे आपोआप उठून बसतात त्यांचीं नांवें त्यांत असतात. संशयिताच्या नांवावर उजवी कळ दाबून तो कोणत्या ठिकाणीं राहतो हें पाहावें. येथें आम्हां मास्तरांच्या शुद्धलेखनाचा फार उपयोग होतो. विंडोजचा स्वतःचा एक सेवक आहे, त्याचें नांव 'एस् व्ही सी होस्ट'. तो खरा असेल तर विंडोजच्या 'सिस्टम ३२' या दालनांत राहतो, आणि एकाच वेळीं त्याच्या अनेक प्रती चालूं असतात. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. परंतु 'एस् सी व्ही होस्ट' अशीं अक्षरें उलटीं लावून कोणी बसला असेल, किंवा नांव बरोबर असून तात्पुरत्या सामानाच्या दालनांत राहत असेल, तर तो तोतया समजावा. याहून खोल चौकशी करावयाची असल्यास 'ऑटोरन्स' नांवाचें एक साधन मायक्रोसॉफ्ट विनामूल्य देते. त्यांत एखाद्या नोंदीपुढची खूण काढली म्हणजे तो प्रोग्रॅम आपोआप उठत नाहीं. नोंद पुसण्याऐवजीं आधीं खूणच काढावी. शाळेंतून नांव कमी करण्यापूर्वीं चार दिवस वर्गाबाहेर ठेवून पाहावें, तसें हें आहे.

तिसरी हजेरी ब्राउझरची. त्यांत जोडलेलीं उपसाधनें, पहिलें पान, शोधाचें साधन, आणि कोणकोणत्या स्थळांना सूचना पाठविण्याची परवानगी दिली आहे, हें सर्व तपासावें. माझ्या परवानगीच्या यादींत सोळा स्थळें निघालीं. त्यांपैकीं एकाचेंही नांव मला आठवत नव्हतें.

या तीन हजेऱ्या माणसाच्या. चौथी यंत्रानें यंत्राची घ्यावयाची. विंडोजबरोबर 'डिफेंडर' नांवाचा विषाणुरोधक येतोच. त्याला पूर्ण तपासणीची आज्ञा द्यावी. तिला कित्येक तास लागूं शकतात, घाई करूं नये. त्याची आणखी एक 'ऑफलाइन' तपासणी आहे. तींत संगणक बंद होऊन पुन्हां सुरू होतो आणि विंडोज जागें होण्यापूर्वींच झडती घेतली जाते, म्हणून विंडोजच्या आड लपणाऱ्यांना तेथें आडोसा मिळत नाहीं. भारत सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेलें सायबर स्वच्छता केंद्रही अशीं साधनें विनामूल्य उपलब्ध करून देतें. मात्र दोन विषाणुरोधक एकाच वेळीं पहाऱ्यावर ठेवूं नयेत. ते एकमेकांशींच झगडतात. आणि हेंही जाणून असावें कीं, दुरून यंत्र चालविणारा तो प्रोग्रॅम डिफेंडरनें पकडला नाहीं. कसा पकडणार? तो मुळांत प्रामाणिक वापरासाठीं बनविलेला आहे. कचेऱ्यांतून तो रोज वापरतात. सुरीचा दोष नव्हता. ती कोणाच्या हातीं दिली हा प्रश्न होता. अशा वस्तु यंत्राला कळत नाहींत. तेथें आपलीच हजेरी कामीं येते.

एवढें सगळें झाल्यावर मला वाटलें, आतां सुटलों. परंतु माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, शोधपट्टी आणि ते पैसे मागणारे गेले, त्यांची चिंता नको. पण तो माणूस वीस मिनिटें या घरांत वावरत होता. हजेरीपटावर नांव आहे त्याची हजेरी घेतां येते. माळ्यावर दडला आहे त्याची नाहीं." मला तें पटलें. परक्याच्या हातीं चावी गेली असेल तर घर झाडून भागत नाहीं. कुलूपच बदलावें लागतें. म्हणजे संगणक पुसून विंडोज नव्यानें बसवावयाचें. त्यापूर्वीं आपलीं कागदपत्रें, छायाचित्रें, ध्वनिमुद्रणें तपासून बाहेर काढून घ्यावयाचीं. प्रोग्रॅम मात्र एकही उचलावयाचा नाहीं, ते मूळ कर्त्याकडूनच पुन्हां आणावयाचे.

तेव्हां प्रथम त्या ओव्या काढल्या. त्यांतली एक त्यानें, प्रत नीट उतरली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, वाजविली. तिचा आवाज खोलींत घुमला. मी खिडकीबाहेर पाहत उभा राहिलों. तो पोरगाही कांहीं बोलला नाहीं. लहानपणीं त्यानें तिच्या हातचें पुष्कळ वेळां खाल्लें होतें.

आतां पथ्य. प्रोग्रॅम त्याच्या मूळ कर्त्याच्या स्थळावरूनच घ्यावा. भलत्या स्थळावरचें मोठें हिरवें 'डाऊनलोड' बटण पुष्कळदां जाहिरातीचें असतें. बसवितांना 'कस्टम' हा पर्याय असेल तर तो निवडावा; बरोबर कोण कोण येऊं पाहत आहे तें त्यांत दिसतें. किंमतीच्या प्रोग्रॅमची कुलूप तोडलेली फुकट प्रत कधींही घेऊं नये. ज्यानें एकाचें कुलूप तोडलें तो तुमच्या घरांत काय काय ठेवून जाईल याचा भरंवसा नाहीं. विंडोजच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं घ्याव्या. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. तिच्यावर विसंबणाऱ्यांनीं पुढची सोय पाहावी. आणि मोलाच्या वस्तूच्या दोन तरी प्रती संगणकाबाहेर ठेवाव्या. त्यांतली एक दुसऱ्या घरीं. ही दुसरी प्रत असती, तर त्या दुपारीं 'सर्व नष्ट होईल' हें वाचून माझा हात थरथरला नसता, आणि मीं तो क्रमांक फिरविलाच नसता. म्हणजे संरक्षणाची पहिली भिंत पोलादाची नसून निश्चिंतपणाची आहे, असें आतां मला वाटतें.

सर्वांत शेवटीं एक गोष्ट सांगतों, आणि ती माझ्या वयाच्या श्रोत्यांना विशेष करून सांगतों. संगणक नीट झाल्यावर मीं मुलीला सर्व हकीकत कळविली. ती रागावेल असें वाटलें होतें, आणि ती रागावलीच. परंतु मी फसलों म्हणून नव्हे. "बाबा, चार दिवस तुम्ही एकटे बसून होतां!" एवढेंच ती पुन्हां पुन्हां म्हणत राहिली. त्या चार दिवसांत माझ्या खात्यांतून पैसे गेले नाहींत हें माझें नशीब. लाजेनें गप्प बसलेल्या माणसाचा प्रत्येक तास चोराच्या पदरांत पडतो. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर त्याच क्षणीं कळवावें. जितकें लवकर कळवावें तितकी ती रक्कम वाटेंत अडविली जाण्याची आशा अधिक. पैसे गेले नसतील तरी मुलाला, सुनेला, शेजारच्या शिकल्या पोराला, कोणाला तरी सांगावें. तो गृहस्थ मला 'कोणाला सांगूं नका' म्हणाला, आणि दूरध्वनि ठेवल्यावरही चार दिवस मी त्याची आज्ञा पाळीत होतों! संगणकांत बसलेला प्रोग्रॅम काढण्याआधीं मनांत बसलेली ही आज्ञा काढावी.

हल्लीं प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला मी संगणकाची हजेरी घेतों. अर्धा तास पुरतो. ओळखीचीं नांवें आपापल्या जागीं आहेत असें पाहून वही मिटतों, आणि मग एक ओवी लावतों. तिच्या आतां तीन प्रती आहेत : एक माझ्याकडे, एक मुलीकडे, आणि एक त्या विद्यार्थ्यानें आपण होऊन मागून घेतली आहे.

आपणही आपल्या संगणकाची हजेरी घ्यावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.